अळीचं वय आणि भुसावळचा पारा

प्रश्न : यावलजवळ केळीच्या बागेत मृतदेह सापडला. पेपरात त्या दिवशीचं भुसावळचं कमाल तापमान ४५ अंश होतं. देहावरच्या अळ्यांच्या वयावरून मृत्यूचा काळ काढायच्या हिशोबात तेच धरायचं का?

उत्तर : नाही. ४५ हा भर दुपारचा आकडा. अळी रात्रीही वाढते. शिवाय पाणी दिलेल्या केळीखालची हवा उघड्या रानापेक्षा थंड असते. तासातासाचं तापमान घ्या, त्यातून त्या जातीच्या माशीची वाढ थांबते तो अंश वजा करा आणि उरलेल्याची बेरीज करा. ती सीमा १० अंश मानली आणि सरासरी ३० असली, तर दिवसाला २० × २४ = ४८० अंश-तास जमतात. अळीच्या वाढीच्या एखाद्या अवस्थेला समजा १२०० लागत असतील तर झाले अडीच दिवस. सरासरी २० असेल तर तेच पाच दिवस. (आकडे समजावण्यापुरते, खरे त्या जातीच्या तक्त्यातून घ्यायचे.)

पहाटे पारा ८ वर उतरला तर तो तास शून्य धरायचा, उणे दोन नव्हे. थंडीत नुसत्या सरासरीवर भागवलं की उष्णता कमी भरते आणि काळ उगाच लांबतो. उन्हाळ्यात उलटं होतं : फार तापलं की वाढ मंदावते, पण कागदावर अंश चढतच राहतात.

म्हणून मृतदेह होता तिथेच, सावलीत, पाच ते दहा दिवस डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारं यंत्र) ठेवा आणि त्याच दिवसांच्या जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींशी ताडून मागचे दिवस दुरुस्त करा. मधेच पाऊस आला किंवा बाग तोडली, तर ही तुलना फारशी कामाची राहत नाही. अळ्यांचा गोळा असेल तर त्यात थर्मामीटर घालून वेगळी नोंद करा. तो भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही जास्त तापलेला असू शकतो.

प्रश्न : अळ्या स्पिरिटमध्ये टाकून पाठवल्या, तर नमुना बिघडला म्हणाले. का?

उत्तर : जिवंत अळी स्पिरिटमध्ये आक्रसते, काळी पडते. लांबी कमी भरली की वयही कमी निघतं. आधी ८० अंशांच्या वरच्या पाण्यात अर्धा मिनिट, मग ८० टक्के अल्कोहोल. फॉर्मलिन नको, डीएनए बिघडतो. निम्म्या अळ्या जिवंतच, काळजाच्या (यकृताच्या) तुकड्यावर, जाळीदार झाकणाच्या डब्यात भुसा घालून पाठवा. काटेरी दिसणाऱ्या अळ्या वेगळ्या ठेवा. त्या दुसऱ्यांना खातात.

नुसत्या लांबीवरही विसंबू नका. खाणं संपलेली अळी पुन्हा आखडते. मागच्या टोकाच्या श्वासछिद्रांत दोन चिरा दिसल्या तर दुसरी अवस्था, तीन दिसल्या तर तिसरी.

प्रश्न : यावरून मृत्यूची नेमकी वेळ कळते?

उत्तर : कळतो तो किमान काळ, म्हणजे अंडी कधी घातली ते. रात्री माशा सहसा अंडी घालत नाहीत. बंद खोली, गोधडीत गुंडाळलेला देह, अंगावर मॅलॅथिऑनसारखं कीटकनाशक, यांपैकी काहीही असलं तरी अंडी घालायला उशीर होतो.

प्रश्न : कोष सापडलेच नाहीत, मग?

उत्तर : देहाखालीच शोधलं असणार. खाणं आटोपलेल्या अळ्या कोष करायला दूर जातात. भोवती निदान दोन मीटर, पाच ते दहा सेंटीमीटर खोल माती चाळा. काळ्या मातीच्या भेगाही बघा. कोषांची रिकामी कवचं टाकून देऊ नका. ती निघाली तर माशांची एक पिढी उडून गेलेली असते, आणि मग जिवंत अळ्यांवरून काढलेला काळ अपुरा ठरतो.