वाचकांचे प्रश्न : सेंट्रल लॉकिंगला एकच दरवाजा दाद देत नाही

प्रश्न : माझी गाडी १४ वर्षांची आहे. चालकाच्या बाजूचा दरवाजा किल्लीने लॉक केला की बाकीचे दरवाजे लॉक होतात, मागचा डावा मात्र होत नाही. तो जोरात आपटला तर एखादा दिवस नीट चालतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता त्यात भर म्हणजे लॉक झालेले दरवाजे कधीकधी क्षणात आपोआप उघडतात. फ्यूज पाहिला, तो शाबूत आहे. संपूर्ण सेंट्रल लॉकिंगचा संचच बदलावा लागेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?

उत्तर : संच बदलण्याची वेळ आलेली आहे, असे आपल्या पत्रातील वर्णनावरून वाटत नाही. आपण एक बिघाड म्हणून जे लिहिले आहे ते बहुधा दोन वेगवेगळे बिघाड आहेत, आणि त्यांचा शोधही वेगवेगळाच घ्यावा लागेल.

या काळातील बहुतेक गाड्यांमध्ये मागच्या दरवाजाच्या लॉकला एक छोटी मोटर आणि तिच्याकडे जाणाऱ्या दोन तारा एवढाच कारभार असतो. लॉक करताना या तारांमधून अर्धा ते एक सेकंद १२ व्होल्टचा प्रवाह एका दिशेने जातो आणि उघडताना त्याच तारांमधून तो उलट दिशेने जातो. चालकाच्या दरवाजातील मोटरबरोबर मात्र एक स्विचही असतो. लॉक बंद आहे की उघडे, हे तो कंट्रोल युनिटला (लॉकिंगचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला) कळवतो आणि बाकीचे दरवाजे त्या निरोपानुसार चालतात. आपले इतर दरवाजे हुकूम पाळत आहेत, त्यामुळे फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

आधी मागच्या डाव्या दरवाजाकडे पाहू. त्याची आतली लॉकची खुंटी हाताने वर-खाली करून पाहावी आणि शेजारच्या दरवाजाच्या खुंटीशी तिची तुलना करावी. ती जड वाटत असेल, तर दोष विजेचा नसून लॅचमध्ये, म्हणजे दरवाजा पकडून ठेवणाऱ्या आकड्याच्या यंत्रणेत, सुकून घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसचा आहे. ते पुसून नवे ग्रीस लावल्यावर कित्येकदा मोटर पुन्हा पहिल्यासारखी काम करू लागते. दरवाजा उघडा ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॅचचा आकडा मिटवला की लॉकची हालचाल डोळ्यांसमोर तपासता येते. फक्त दरवाजा लावण्यापूर्वी हँडल ओढून तो आकडा मोकळा करण्यास विसरू नये, नाहीतर मिटलेला आकडा दरवाजाच्या चौकटीच्या खांबावरील कडीवर आपटतो. (हा धडा आम्ही स्वतः एकदा आवाजासकट शिकलो आहोत.)

खुंटी हलकी असेल, तर दुसऱ्या कोणाला तरी चालकाचा दरवाजा लॉक-अनलॉक करायला सांगून आपण मागच्या दरवाजाच्या पॅडला (आतल्या आच्छादनाला) कान लावावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण खुंटी हलत नाही, असे असेल तर आतले प्लास्टिकचे दाते झिजलेले असतात किंवा मोटर आणि लॅच यांना जोडणाऱ्या दांडीची क्लिप निसटलेली असते. क्लिप ही अगदी किरकोळ वस्तू आहे, तेवढ्यासाठी मोटर बदलू नये.

काहीच आवाज येत नसेल, तर डोअर पॅड काढावे लागेल. मोटरचा प्लग सोडवून गाडीकडून येणाऱ्या दोन तारांच्या मध्ये १२ व्होल्टचा, शक्यतो २१ वॅटचा, ब्रेकलाइटचा बल्ब जोडावा. इथे मल्टिमीटरपेक्षा बल्ब का, याला कारण आहे. एक तर प्रवाहाचा झटका इतका अल्पकाळ टिकतो की डिजिटल मीटरचे आकडे स्थिरावण्याआधीच तो संपून जातो. आणि दुसरे म्हणजे तारेतील शेवटचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवून मोकळा होतो, पण बल्बला लागणारा प्रवाह अशा कमकुवत जोडातून नीट जाईलच असे नाही. बल्ब लॉक करताना आणि उघडताना, दोन्ही वेळा लख्ख पेटला तर दोष मोटरचा आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर दोष तारेचा आहे.

दरवाजा आपटल्यावर लॉक चालते, असे आपण लिहिले आहे. त्यावरून झिजलेल्या मोटरचाही संशय घेता येतो, कारण आतले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) झिजलेली मोटर धक्क्याने क्षणभर जागी होते; तरीही आमचा पहिला संशय तारेवरच आहे. दरवाजा आणि खांब यांच्यामध्ये बिजागरीजवळ घड्या असलेली रबरी नळी असते. प्रत्येक उघडझापीला तिच्यातील तारा वाकतात आणि वर्षानुवर्षांच्या वाकण्याने आतले तांबे तुटते, वरचे आवरण मात्र नव्यासारखे दिसते. म्हणून तार नुसती पाहू नये, ओढून पाहावी. रबरी नळी खांबाकडून सोडवून प्रत्येक तार दोन बोटांत धरून हलकेच ताणावी. तांबे शाबूत असेल तर ती ताठ राहते आणि तुटलेले असेल तर त्या जागी आवरण रबरासारखे लांबते. अशी तार सापडली की नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळू नये. तेवढ्याच जाडीच्या लवचीक तारेचा तुकडा घालून सोल्डर करावे, आणि सोल्डरमुळे कडक झालेला सांधा वाकणाऱ्या भागात न ठेवता आत, दरवाजात किंवा खांबात घ्यावा.

मोटरच बदलायची ठरली, तर जुनी मोटर प्लग सोडवलेल्या अवस्थेत, मध्ये फ्यूज घालून, बॅटरीवर क्षणभर जोडून खात्री करून घ्यावी. एका सेकंदापेक्षा जास्त वेळ जोडून ठेवल्यास ती अडून जळू शकते.

दरवाजे आपोआप उघडण्याचे मूळ बहुधा चालकाच्या दरवाजात आहे. तेथील लॉक पूर्ण अंतर न जाता मागे सरकले किंवा स्विचचा संपर्क डळमळीत झाला, की कंट्रोल युनिटला ‘उघडा’ असा खोटा निरोप जातो. खात्री करण्यासाठी त्या दरवाजातील मोटरचा प्लग सोडवून ठेवावा आणि रिमोट असल्यास त्याने बाकीचे दरवाजे वारंवार लॉक करून पाहावेत. आपोआप उघडणे थांबले, तर चालकाकडील लॅच, स्विच आणि त्या बिजागरीजवळच्या तारा एवढेच तपासायचे उरते. हा दरवाजा सर्वाधिक वेळा उघडला जात असल्यामुळे तारा सर्वांत आधी येथेच तुटतात.

पॅड परत बसवताना आतला प्लास्टिकचा कागद पूर्वीसारखा चिकटवावा आणि दरवाजाच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी असलेली छिद्रे मोकळी आहेत ना, ते पाहावे. नव्या मोटरलाही साचलेले पाणी सोसत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीचे रिमोट अगदी जवळ गेल्यावरच चालते, किल्लीने मात्र सर्व दरवाजे व्यवस्थित लॉक होतात. दोष कुठे असावा?

उत्तर : किल्लीने सर्व काही चालते, म्हणजे दरवाजांमधील यंत्रणा ठणठणीत आहे. रिमोटमधील नाण्याच्या आकाराचा सेल त्यावर छापलेल्या क्रमांकाचाच घेऊन बदलावा आणि तो ज्या पत्र्यांवर बसतो ते कोरड्या कापडाने पुसावेत. काही गाड्यांमध्ये सेल बदलल्यावर रिमोट गाडीला पुन्हा ओळखवून द्यावे लागते. त्याची पद्धत गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असते.