बी.ए.ला आधुनिक जगाचा इतिहास आहे. सगळं पाठ करूनही गुण मिळत नाहीत. अभ्यास कसा करावा?

तुमचं पाठांतर कमी पडतंय असं मला वाटत नाही. या विषयात गाडी अडते ती बहुतेकदा कारणांच्या यादीपाशी. पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली की साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त तह, आक्रमक राष्ट्रवाद आणि शेवटी सराजेव्होत झालेली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या असे पाच मथळे लिहिले जातात. प्रत्येकाखाली चार ओळी येतात, पण एका कारणातून पुढचं कसं घडलं हे कुठेच येत नाही. गुण जातात ते तिथे.

म्हणून प्रत्येक कारणाला एक प्रश्न विचारायची सवय लावा : मग हे तेव्हाच का झालं? साम्राज्यवाद, तह, शस्त्रस्पर्धा हे सगळं १९०८ मध्येही होतं. त्या वर्षी ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला, रशिया संतापला, तरी युद्ध झालं नाही; १९०९ मध्ये रशियाने माघार घेतली. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतही बड्या सत्ता एकमेकींवर तुटून पडल्या नाहीत. मग १९१४ मध्ये वेगळं काय घडलं?

यासाठी वहीचं एक पान फक्त त्या पाच-सहा आठवड्यांना द्या. २८ जूनला हत्या. ५ जुलैला कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला. २३ जुलैला ऑस्ट्रियाकडून सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता गेला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी २८ तारखेला युद्ध पुकारलं गेलं. ३० तारखेला रशियाच्या झारने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला. जर्मनीची योजना अशी की आधी साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला नमवायचं, मग पूर्वेकडे रशियाकडे वळायचं. त्यामुळे रशियाची जमवाजमव सुरू झाल्यावर थांबणं जर्मन सेनानींना परवडणारं वाटेना. जर्मनीने १ ऑगस्टला रशियाशी, ३ तारखेला फ्रान्सशी युद्ध पुकारलं. ४ तारखेला जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि ब्रिटन उतरलं. ‘लष्करवाद’ म्हणजे नेमकं काय, ते या पानावर दिसतं. ‘तहांमुळे सगळे आपोआप ओढले गेले’ हे वाक्यही जपून लिहा. इटली जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटात होती, पण १९१४ मध्ये तटस्थ राहिली आणि १९१५ मध्ये विरुद्ध बाजूने लढायला उतरली.

हीच कसोटी ‘व्हर्सायच्या तहामुळे हिटलर आला’ या विधानाला लावा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेला हा तह १९१९ चा. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला जेमतेम २.६ टक्के मतं मिळाली, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांच्या वर. मधे १९२९ ची महामंदी आली. तहाचा राग खरा होता, पण त्याचं मतांत रूपांतर व्हायला बेकारी लागली. एवढं दोन वाक्यांत लिहिलंत तरी उत्तर वेगळं उठून दिसतं.

व्हर्सायवर आणखी दोन चुका सर्रास होतात. हा तह फक्त जर्मनीशी होता. ऑस्ट्रियाशी सेंट जर्मेन, हंगेरीशी त्रियानॉन, तुर्कस्तानशी सेव्हर असे वेगळे तह झाले. आणि जर्मनीने द्यायची १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची नुकसानभरपाई तहात लिहिलेली नव्हती, तो आकडा १९२१ मध्ये ठरला. युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारं कलम २३१ मूळात वाचा, चार-पाच ओळींचंच आहे. येल विद्यापीठाच्या अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्टवर तहाचा मजकूर फुकट मिळतो. नावांच्या मराठी लेखनासाठी मराठी विश्वकोश हाताशी ठेवा.

नकाशा टाळू नका. १९१४ चा आणि १९२० नंतरचा युरोप कोऱ्या कागदावर हाताने काढा; सुबक नसला तरी चालेल. पोलंडला समुद्रापर्यंत दिलेली पट्टी आणि तिच्यामुळे तुटून पडलेला पूर्व प्रशिया दाखवता आला की १९३९ चं डान्झिग प्रकरण (त्या पट्टीलगतच्या बंदरावरून जर्मनी-पोलंडचा वाद) वेगळं पाठ करावं लागत नाही. मेसोपोटेमियाही (आजचा इराक) काढा. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी तिथे कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. युद्ध युरोपपुरतं नव्हतं, हे सांगायला हे उदाहरण पुरेसं आहे.

रशियन क्रांतीच्या तारखा दोन पुस्तकांत दोन दिसतील. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, १३ दिवस मागे. म्हणून ‘ऑक्टोबर’ क्रांती २५ ऑक्टोबरची, आपल्या हिशेबाने ७ नोव्हेंबर १९१७ ची. उत्तरात दोन्ही द्या.

आठवड्याला एकच प्रकरण घ्या. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून, घड्याळ लावून एक पूर्ण उत्तर लिहा आणि मग लाल पेनाने तपासा : जिथे ‘त्यामुळे’ लिहिलंय, तिथे आधीच्या वाक्यातून पुढचं खरंच निघतं का? निघत नसेल तिथे मधला दुवा राहिलाय. पुस्तकात परत जाऊन तेवढाच शोधा.