कॅमेरा माझ्या हातून पडला, बोलणी खाल्ली तिच्या मुलानं

प्रश्न: शेजारणीचा कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला होता. माझ्या हातून पडला. बाहेरून काही दिसेना, म्हणून तसाच बॅगेत घालून परत केला. आठ दिवसांनी तिच्या लक्षात आलं की फोकस होत नाही, आणि तिनं बारा वर्षांच्या मुलाला धरलं. तो रडून सांगत होता, तिला पटलं नाही. मी तिथेच होते, गप्प बसले. तेव्हापासून त्याला रोज गणित शिकवते. देवाकडे मनापासून क्षमा मागितली आहे. आता त्याची परीक्षा तोंडावर आहे. सांगून सगळ्यांची मनं कशाला दुखवायची? चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसतो.
– एक वाचक

ताई,

तुमच्या मूळ पत्रात 'मुद्दाम नाही हो पाडला' हे तीनदा आलंय. मान्य. पण बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात मागून आणलेल्या जनावराचा नियम आहे. मालक जवळ नसताना ते जायबंदी झालं किंवा मेलं, तर आणणाऱ्यानं भरून द्यायचं. मुद्दाम की चुकून, ही चौकशीच तिथे नाही.

तरी कॅमेऱ्याचं मला फारसं नाही. वस्तू दुरुस्त होतात. माझ्या डोक्यातून तो मुलगा जात नाही. 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा तुम्ही तोंडानं मोडली नाहीत. पण बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकात (5:1), साक्षीला बोलावल्यावर माहीत असूनही न बोलणाऱ्यालाही दोषी धरलंय. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, हेही खरं. मात्र 'मी नाही केलं' असं तो रडत सांगत होता तेव्हा ते खरं आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं: त्याला आणि तुम्हाला. आणि आता रोज तुम्ही त्याच्याच समोर वही उघडून बसता. त्याला वाटत असेल, मावशी किती चांगली! (हे वाचून तुम्हाला कसंतरी झालं असेल, तर पत्र लिहिलंत ते बरंच केलंत.)

देवाची क्षमा मागितलीत, पण क्रम उलटा झाला. लेवीय 6 मध्ये शेजाऱ्याला फसवणाऱ्यानं मूळ वस्तू किंवा तिची किंमत आणि वर पाचवा हिस्सा ज्याचा त्याला द्यायचा आहे, देवाला अर्पण वाहायच्याच दिवशी. मत्तय 5 मध्ये येशू तर वेदीपर्यंत आलेल्याला दान तिथेच ठेवून परत पाठवतो: आधी भावाशी समेट कर. तिथे भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असं गृहीत आहे. तुमच्या शेजारणीच्या मनात तुमच्याविरुद्ध काहीच नाही, कारण ते सगळं तिनं मुलाच्या खात्यावर मांडलंय.

परीक्षेची सबब मला पटली नाही. देण्याजोगं जवळ असताना शेजाऱ्याला 'उद्या ये' म्हणू नको, असं नीतिसूत्रे 3:28 सांगतं. आणि डोक्यावर आळ घेऊन पेपर लिहिणं त्याला सोपं जाईल का?

मुलगा घरी असेल अशी वेळ बघून जा. आळ त्याच्या तोंडावर आला होता, तो त्याच्यासमोरच उतरू दे. 'माझ्या हातून पडला, मी लपवलं, आणि तू ह्याला बोललीस तेव्हाही गप्प बसले.' बास. 'अगं पण' नको. दुरुस्तीचे पैसे बरोबर न्या, जरा जास्तच. 'देवानं मला क्षमा केलीय' हे तिच्या दारात म्हणू नका. तिची अजून करून झालेली नाही. ती चिडेल, कदाचित रविवारी दुसऱ्या बाकावर जाऊन बसेल. बसू द्या. स्वतःच्या मुलावर विश्वास ठेवला नाही, हे तिलाही गिळायचंय, आणि त्याला वेळ लागेल.

मुलाची माफी वेगळी मागा, मोठ्या माणसाची मागतात तशी. गणिताचं त्यालाच विचारा. नको म्हणाला तर वही मिटा आणि तो बोलावेपर्यंत थांबा.