आवरणप्रथिने की पटलप्रथिने?

विचारणा अशी: ‘तंतुकणिकेची पटलप्रथिने हृदयाचे इजेपासून रक्षण करतात’ या वाक्यात ‘पटल’ऐवजी सोपं ‘आवरण’ का नको? (तंतुकणिका म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारा घटक, मायटोकॉन्ड्रियन; पटल म्हणजे तिची पातळ भिंत, मेंब्रेन.)

तंतुकणिकेचं ‘दुहेरी आवरण’ शाळेपासून कानावर आहे, म्हणून सूचना गैर नाही. पण ‘आवरणप्रथिने’ म्हटलं की वरून झाकणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं आणि ‘रक्षण’ चिलखतासारखं वाटू लागतं. ही प्रथिनं तर पटलात रुतलेली असतात आणि त्यांतल्या अनेकांचं काम ये-जा करू देण्याचं. आतल्या पटलातलं एक प्रथिन तयार एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बाहेर सोडतं, एडीपी (ऊर्जा खर्चून उरलेलं त्याचं रूप) आत घेतं. तेव्हा ‘पटल’च ठेवा.

माझी खरी हरकत ‘रक्षण करतात’ला आहे. हृदयाचा रक्तपुरवठा तुटला की पेशीत आम्लता वाढते आणि गंमत म्हणजे तीच आतल्या पटलातलं एक मोठं छिद्र मिटलेलं ठेवते. रक्त परत आलं की आम्लता उतरते. कॅल्शियम आणि ऑक्सिजनची मुक्त मूलकं (पेशीला इजा करणारे अस्थिर रेणू, फ्री रॅडिकल्स) मात्र वाढलेली असतात. पहिल्या काही मिनिटांतच छिद्र उघडतं, एटीपी बनणं थांबतं, तंतुकणिका पाणी शोषून फुगते, पेशी मरते. छिद्र कोणत्या प्रथिनांचं यावर अजून वाद आहे, पण संशय एटीपी वाहणाऱ्या आणि बनवणाऱ्या पटलप्रथिनांवरच आहे. त्यांना सरसकट रक्षक कसं म्हणायचं?

1986 साली कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात हृदयाची एक रोहिणी 5-5 मिनिटं चार वेळा बंद करून सोडली आणि मग सलग 40 मिनिटं बंद ठेवली. मृत झालेला भाग एरवीच्या सुमारे चौथाई भरला. हे ‘पूर्वानुकूलन’. त्यातून सुरू होणारी संदेशांची साखळी छिद्र मिटलेलं राहण्यापर्यंत पोचते, असं मानतात. रक्षण होतं ते असं, बऱ्याच जणांच्या हातून. म्हणून मी लिहीन: ‘हृदयाची हानी कमी ठेवण्यात तंतुकणिकेच्या पटलप्रथिनांचा वाटा असतो.’ ‘इजा’ही चालेल, ‘दुखापत’ नको, त्यात बाहेरून लागलेला मार येतो.

जाता जाता, पटलप्रथिनांच्या यादीत सायक्लोफिलिन डी हे प्रथिन घालू नका. ते छिद्र उघडायला मदत करतं खरं, पण राहतं पटलात नव्हे, तंतुकणिकेच्या आतल्या द्रवात. सायक्लोस्पोरिन हे औषध त्यालाच अडवतं. प्राण्यांमध्ये त्याचा गुण दिसला होता. हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र, 2015 साली, फायदा दिसला नाही.