सोलापुरात घरात पैसा नसताना कुत्रा सांभाळायला कुणी मदत करतं का, की सोडूनच द्यावा लागतो?

ताई, तुम्ही लिहिलंय की माग आठवड्यातून चारच दिवस चालतोय, वडील सिव्हिलला ॲडमिट आहेत आणि घरमालक म्हणतोय कुत्रा सोडून या. एवढ्यात सोडू नका. आमच्या घरानं ते केलंय. मी नववीत असताना अण्णांचं काम सुटलं, तेव्हा त्यांनी आमच्या लाल्याला पोत्यात घालून सायकलीवरून हिप्परग्याच्या पलीकडं नेऊन सोडलं. परक्या हद्दीत आलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री टिकू देत नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण अण्णांना हे माहीत असतं तरी त्यांनी सोडलंच असतं. घरात पीठ नव्हतं.

आता आमच्या गल्लीत तशी वेळ कुणावर येऊ देत नाहीत, ती भिशीमुळं. आई धरून विड्या वळणाऱ्या वीस बायका दर आठवड्याला भिशी भरतात. त्यातच प्रत्येकीनं दहा रुपये जादा टाकायचे, ते जनावरांचे. आठवड्याला दोनशे. सुरुवातीला दोघी-तिघींनी नाकं मुरडली, "माणसांना औषध नाही अन् कुत्र्याला भिशी!" त्यातल्याच एकीच्या शेळीला पहिला खर्च झाला, मग कुणी बोललं नाही.

या पैशातून रेबीजची लस होते. एकट्यानं दवाखान्यात गेलं तर सुटा डोस महाग पडतो. दहा डोसची मोठी बाटली येते, ती एकदा उघडली की लवकर संपवावी लागते, म्हणून एका कुत्र्यासाठी डॉक्टर ती फोडत नाहीत. आम्ही दहा जनावरं जमवतो आणि डॉक्टरांनाच गल्लीत बोलावतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कार्ड जपून ठेवा. घरमालकाची निम्मी भीती ते कार्ड दाखवलं की जाते. मात्र लस दिलेलं कुत्रं चावलं तरी माणसानं जखम साबणानं धुऊन सिव्हिलला जायचंच, तिथं इंजेक्शन फुकट मिळतं.

कुत्रं मादी असेल तर पिल्लं बंद करायच्या ऑपरेशनचे पैसे सगळ्यात आधी जमवा. कुत्री सोडून देण्याची पाळी बऱ्याचदा पिल्लांमुळंच येते. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, तिथं फी नाममात्र असते. गर्दी गाई-म्हशींची असते, तेव्हा सकाळी लवकर जा.

तुमची आत्ताची अडचण मला पैशापेक्षा वेळेची वाटते. सिव्हिलला रात्रंदिवस बसायचं तर घरी बघणार कोण? शेजाऱ्यांकडं पैसे मागू नका, पाळी मागा. "दहा दिवस, सकाळी तुम्ही, संध्याकाळी त्या" असं नेमकं सांगितलं की लोक सहसा नाही म्हणत नाहीत. आई ऑपरेशनला गेली होती तेव्हा शेजारच्या तेलुगू आजीनं आमचा कुत्रा सांभाळला. ती प्रत्येक कुत्र्याला कुक्काच म्हणते. आम्ही परत आलो तर हा मोती म्हटल्यावर मानसुद्धा वळवेना!

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. शिळी कडक भाकरी कोमट पाण्यात भिजवा, चिकनच्या दुकानातून उरलेले तुकडे घ्या आणि शिजवून हाडं काढून टाका. शिजलेलं हाड चिरफळतं अन् आतड्यात रुततं. कांदा-लसणाचं काही नको, म्हणजे शेंगाचटणी भाकरीवर कितीही छान लागली तरी ती तुमच्यासाठीच. बेदाणे तर बिलकूल नकोत, कुत्र्याची किडनी जाते. आणि तुमच्याकडंही घरी विड्या वळत असतील तर तंबाखूची सुपली जमिनीवर ठेवू नका. आमच्या एका पिल्लानं सांडलेली तंबाखू चाटली, तोंडाला फेस, पाय थरथर. रिक्षानं डॉक्टरांकडं नेलं म्हणून वाचलं. बिल भिशीतून दिलं, आईनं ते तीन महिन्यांत फेडलं.

घरमालकाला मात्र आजच्या आज भेटा, आणि जाताना पाळी घेणाऱ्या शेजारणीला सोबत न्या. वास आणि भुंकणं, एवढीच त्याची तक्रार असेल तर "मी रोज धुऊन काढते" हे तिच्या तोंडून आलेलं बरं.