मुलाच्या नावाचं पहिलं पुस्तक करताना

मुलासाठी त्याचंच नाव घालून लिहिलेल्या पुस्तकाचा तुमचा मसुदा वाचला. गोष्ट गोड आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला 'आश्चर्यचकित' कसं वाचता येईल? आधी चित्रं बाजूला ठेवा आणि शब्द निवडा. सुरुवातीला फक्त बिनकान्याचे: घर, वर, बघ, फणस, बदक. 'अमन, वर बघ. फणस! घरभर फणस!' एवढ्यावरही एक पान रंगतं. मग काना, मग वेलांट्या. जोडाक्षरं अगदी शेवटी.

नावातच जोडाक्षर असेल तर? बिनधास्त छापा. स्वतःचं नाव मूल चित्रासारखं ओळखतं. पण ते प्रत्येक ओळीत कोंबू नका. माझ्या भाचीच्या पहिल्या पुस्तकात मी तेच केलं होतं. चार दिवसांत पठ्ठी पुस्तक उलटं धरून घडाघडा 'वाचत' होती, सगळं पाठ! आता मी मधलाच एखादा शब्द बोटाने दाखवून विचारते.

फाँट मोठा घ्या, 28च्या खाली नको. बऱ्याच फाँटात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. शाळेत बाई वेगळे गिरवून घेतात आणि मूल गोंधळतं. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की काही फाँट आपोआप सुधारतात, नाहीतर फाँटच बदला.

बाकी सोपं. दोन ए-फोर कागद मधोमध दुमडले की आठ पानं होतात. स्टेपलरच्या पिनांची टोकं मात्र चिकटपट्टीने झाका. आणि शेवटचं पान कोरं ठेवा, तिथे त्याचं त्याला चित्र काढू दे.