ती परत आली पाहिजे

बाय,

तुझा मेसेज वाचला. सातव्या महिन्यातली बाई अजून ब्राऊन शुगर ओढते, तू तिला ‘पोटातल्या बाळाचा तरी विचार कर’ म्हणालीस आणि ती उठून गेली. यात माझं काय चुकलं, विचारतेस. अगो, तो विचार ती रात्रभर करते. त्यानेच झोप उडते, आणि झोप यावी म्हणून पुन्हा ओढते.

पुढच्या आठवड्यात ती परत आली पाहिजे. तोंड उघडण्याआधी एवढंच बघ.

‘एक व्यसन सोडवून गोळीचं दुसरं लावायचं का?’ हे ऐकून माझे कान किटलेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितलंय: गरोदरपणी अफूच्या जातीची नशा (ब्राऊन शुगर त्यातलीच) एकदम तोडायला लावू नका, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या औषधांवर ठेवा. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सोसून बाई पुन्हा मालाकडे वळते, आणि सवय उतरलेल्या शरीराला जुनाच डोस जिवावर बेततो. गोळीवरच्या आईचं बाळही थरथरतं, कर्कश रडतं, नीट दूध ओढत नाही, असं होऊ शकतं. त्यावर इलाज आहे, आणि आईच्या अंगाशी ठेवणं हा त्यातलाच भाग. (दारूचं वेगळं. ती अचानक तोडली तर फिट येऊ शकते, वॉर्डातच उतरवायची.)

नशा उतरू लागली की तिने दाबून ठेवलेलं वर येतं: बालपणी अंगावर पडलेला नको तो हात, नवऱ्याची मारहाण. म्हणून बांबोळीच्या इस्पितळात मानसोपचाराची वेळ आत्ताच घे, बाळंतपणापर्यंत थांबू नकोस. पण पहिल्याच दिवशी ‘काय झालं ते सगळं सांग’ म्हणून उकरू नकोस. नवरा दारात उभा राहून तिची उत्तरं देत असेल तर त्याला केसपेपर काढायला पाठव. पोट तपासताना पडदा ओढ, ‘हात लावू का?’ विचार, आणि खाटेची कड धरलेली तिची बोटं बघ. सैल पडली नाहीत तर थांब. तपासणी राहिली तरी चालेल, ती परत आली पाहिजे.

मूल काढून घेतील ही भीती ती बोलणार नाही, तूच बोल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडत नाहीत.

मी बायांचे लाड करते, असं लोक म्हणायचे. उशिरा आलेलीलाही मी बसवून घ्यायचे, रांगेतल्या चिडायच्या. चिडू देत. शिस्तवाल्यांना विचारायचे, तुमच्या किती बाया दुसऱ्यांदा आल्या? उत्तर कुणी दिलं नाही.

उद्या फोन कर. नशेचं काढू नकोस, जेवलीस का विचार. पेडण्याची कदंबा बस चुकली तरी तू बसलेली असशील, एवढं सांग. नवऱ्याने उचलला तर म्हण, पोटाची तपासणी राहिलीय.